हवेत इंजिन बंद पडतंय? नीडल फिरवायच्या आधी हे बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आमच्या पट्ट्यात ज्यांनी नुकतंच ग्लो इंजिनचं रिमोटवरचं मॉडेल विमान उडवायला घेतलंय त्यांची बहुतेकांची तक्रार एकच असते, खाली झकास चालतंय ओ, वर गेलं की बंद. आणि मग विमान शेतातून उचलून आणलं की पहिलं काम काय, तर नीडल (कार्ब्युरेटरवरचा इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू) फिरवायची. एकजण अर्धा फेरा उघडतो, दुसरा येऊन पाव फेरा बंद करतो, तिसरा म्हणतो प्लग बदल, आणि संध्याकाळपर्यंत मूळ सेटिंग काय होतं हेच कुणाला आठवत नाही. तसं करू नका. आधी एवढंच आठवा की बंद पडलं ते नेमकं कधी? चढताना, उलटं केल्यावर, टाकी निम्मी झाल्यावर, का थ्रॉटल खाली घेऊन लँडिंगला येताना? आणि आवाज कसा झाला, पटकन कापल्यासारखा का हळूहळू मरत गेला? यातनंच अर्धा फॉल्ट सापडतो.

खाली जे लिहिलंय ते .४० ते .४६ साइजच्या टू-स्ट्रोक इंजिनसाठी, म्हणजे साधारण साडेसहा ते साडेसात सीसी, कारण ट्रेनर विमानावर बहुतेक हेच असतं. फोर-स्ट्रोकचं गणित थोडं वेगळं, ते इथं घेत नाही.

आधी एवढं समजून घ्या

या इंजिनला स्कूटरसारखी ठिणगी नसते. प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक कॉइल असते, सुरू करताना आपण दीड व्होल्ट देऊन ती लाल करतो आणि मग ग्लो ड्रायव्हर (प्लगला लावायची ती बॅटरी) काढून घेतो. त्यानंतर मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागून आणि आतल्या उष्णतेनं कॉइल स्वतःच लाल राहते. म्हणजे मिश्रण बिघडलं की कॉइल थंड, कॉइल थंड की इंजिन बंद. दुसरं म्हणजे साध्या ग्लो इंजिनला फ्युएल पंप नसतो. कार्ब्युरेटर स्वतः ओढतो आणि सायलेन्सरमधून एक बारीक नळी टाकीत प्रेशर देते, बस एवढ्यावर सगळं चालतं. म्हणून टाकी किती उंचीवर आहे, नळीला भोक आहे का, या बारक्या वाटणाऱ्या गोष्टी इथं इंजिनाइतक्याच महत्त्वाच्या.

आणि जमिनीवर चालून हवेत का मरतं, तर विमान पळायला लागलं की पंख्यावरचा (प्रोपेलरवरचा) लोड कमी होतो, आरपीएम वाढतात, इंजिन जास्त इंधन मागतं. जमिनीवर तुम्ही जे एकदम टाइट, कडक आवाजाचं सेटिंग करून खूश झालेला असता तेच वर गेल्यावर लीन पडतं, म्हणजे इंधन कमी, हवा जास्त (याच्या उलट ते रिच). नव्या लोकांच्या डेड स्टिकचं, म्हणजे हवेत इंजिन बंद पडण्याचं, सगळ्यात मोठं कारण हेच.

हवेत बंद पडलंच तर

नाक थोडं खाली करा, स्पीड टिकवा, पंख सरळ ठेवा. धावपट्टीपर्यंत ओढत आणायच्या नादात नाक वर करायला एलेव्हेटर ओढलं की विमान स्टॉल होऊन (पंखांची उचल जाऊन) नाकावर येतंय. उंची कमी असेल तर मागं वळू नका, समोर जे शेत दिसतंय तिथंच सरळ उतरवा. भात कापलेलं रान मिळालं तर नशीब. ऊस असला तर मात्र पुरुषभर उंचीच्या फडात विमान दोन हातांवर असून दिसत नाही, तेव्हा पडतं त्या दिशेला मागं एखादं झाड किंवा लाइटचा खांब धरून ठेवा आणि नजर न काढता दुसऱ्याला त्या रेषेत पाठवा. ट्रान्समीटर बंद करू नका, आत शिरल्यावर बाहेरच्यानं एलेरॉनची स्टिक हलवत राहायची, सर्व्होची (कंट्रोल हलवणाऱ्या छोट्या मोटरची) चिरचिर ऐकू येते.

उचलल्यावर लगेच काय बघायचं

पुसापुशी नंतर. टाकीत इंधन किती उरलंय बघा, कितीतरी वेळा नुसतं संपलेलं असतं. सायलेन्सरची प्रेशर नळी निपलवर आहे का निसटलीय? पंखा हातानं फिरवून कॉम्प्रेशन लागतंय का बघा (ग्लो ड्रायव्हर लावलेला नाही याची खात्री करून). हेड भाजण्याइतकं गरम, एक्झॉस्टमध्ये तेल जवळपास नाही आणि जे आहे ते काळपट, म्हणजे लीन. पोट आणि शेपूट तेलानं थबथबलेलं, प्लग ओला, म्हणजे रिच.

मग प्लग काढून उन्हाकडं धरून बघा. कॉइल चकचकीत असेल तर ठीक. पांढुरकी, खरखरीत झाली असेल तर प्लगचं आयुष्य संपत आलंय किंवा इंजिन लीन पळतंय. कॉइल वाकडी होऊन आत चेपली असेल, किंवा तिच्यावर अॅल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसत असतील, तर आत डेटोनेशन होतंय (मिश्रण नीट न जळता ठोका देऊन फुटतंय) किंवा काहीतरी झिजतंय, मग प्लग बदलून भागणार नाही. ग्लो ड्रायव्हर लावला की कॉइल पूर्ण नारिंगी पेटली पायजे, अर्धीच पेटत असेल तर फेकून द्या. पण प्लग पेटतोय म्हणजे चांगला आहे असं समजू नका, जुना प्लग बॅटरीवर छान पेटतो आणि बॅटरी काढली की हवेत विझतो. म्हणून संशय असला की नवीन लावून बघायचा, यावर कंजूषपणा नको. मिडियम हीटचा, ओएसच्या ८ नंबरसारखा प्लग या साइजला बहुतेक ठिकाणी चालतो.

आता मूळ प्रश्न, कधी बंद पडलं

चढताना आवाज बारीक, कर्कश होत गेला आणि मग कापल्यासारखा बंद, तर लीन. नाक वर गेलं की टाकी कार्ब्युरेटरच्या खाली जाते, इंधन वर ओढावं लागतं, त्यात लोडही वाढतो. नीडल टाइट असेल किंवा टाकीत गडबड असेल तर इथंच उघडं पडतं.

पहिली पाच-सहा मिनिटं छान आणि शेवटी शेवटी मरतंय, तर टाकीतली पातळी खाली गेल्यावर ओढ वाढते आणि मिश्रण लीन होतं. टाकी फुल्ल असताना सेटिंग अगदी कडेवर केलं की हमखास हे होतं. टाकी निम्मी असताना पुन्हा एकदा चेक करा.

लूप किंवा उलटं केल्यावर बंद पडत असेल तर टाकीची उंची आणि आतला क्लंक (इंधन ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) बघा, नीडलशी त्याचा फारसा संबंध नाही.

थ्रॉटल खाली घेऊन उतरायला आलं आणि मेलं, किंवा पुन्हा थ्रॉटल दिल्यावर गुरगुरून मेलं, तर आयडलची (इंजिनाच्या सगळ्यात मंद चालीची) भानगड. उडाल्यावर मिनिट-दीड मिनिटात बंद, थंड झाल्यावर परत चालू, पुन्हा तेच, म्हणजे गरम होतंय. आणि काहीच नियम नाही, मनात येईल तेव्हा बंद, तर कचरा, हवेची गळती किंवा मरायला टेकलेला प्लग.

टाकी उघडा, खरंच उघडा

निम्मे फॉल्ट इथं सापडतात आणि नेमकं हेच कुणी करत नाही, कारण विंग काढा, फोम ओढा, नळ्या सोडवा, कंटाळा येतो.

टाकीच्या आत मऊ सिलिकॉन नळीच्या टोकाला पितळी वजन असतं, तोच क्लंक. विमान जसं कलेल तसा तो इंधनाकडं पडला पायजे. विमान कधी नाकावर आपटलं असेल तर हा क्लंक उडी मारून पुढं येतो आणि नळी दुमडून तिथंच अडकून बसतो. मग गंमत बघा, जमिनीवर टाकी भरलेली, क्लंक बुडालेला, इंजिन एक नंबर. वर जाऊन नाक वर केलं की इंधन मागं, क्लंक पुढं, हवा ओढली, बंद. बाहेरून काहीच दिसत नाही. टाकी कानाजवळ धरून हलवा, टकटक ऐकू आली पायजे. टाकी पुढचं तोंड वर करून उभी धरल्यावर क्लंक मागच्या भिंतीपासून ६ ते १० मिलीमीटर अलीकडं थांबला पायजे. भिंतीला टेकत असेल तर तिथं चिकटून बसतो, फारच आखूड असेल तर शेवटचं इंधन मिळत नाही.

आतली ती मऊ नळी पितळी ट्यूबवर जिथं चढवलीय तिथं बारीक चीर पडते, ट्यूबची कापलेली कड धारदार राहिली असेल तर लवकरच पडते. टेस्ट सोपी आहे. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, टाकीच्या बाकीच्या नळ्या चिमटीत बंद करा, टाकी पाण्याच्या बादलीत बुडवा आणि सिरिंजनं हलकी हवा भरा. रबरी बुचाजवळ किंवा शिवणीवर बुडबुडे आले की सापडलं. तोंडानं फुंकू नका, मिथेनॉल विषारी आहे. आतली नळी बाहेर काढून वाकवून, ताणून बघायची, आणि खरं सांगायचं तर बघत बसण्यापेक्षा दर सीझनला बदलून टाकलेली बरी.

टाकीची उंची म्हणजे टाकीची मधली रेषा नीडलच्या स्प्रे बारच्या (कार्ब्युरेटरमध्ये इंधन सोडणाऱ्या बारीक नळीच्या) लेव्हलला किंवा सेंटिमीटरभर खाली. फोम जास्त कोंबून टाकी वर चढवलेली असते आणि मग इंजिन सुरुवातीला रिच, शेवटी लीन असं वेड्यासारखं वागतं. फोम लागतोच पण, कारण टाकी थेट लाकडाला टेकली तर व्हायब्रेशननं इंधनाला फेस येतो आणि फेस म्हणजे हवाच. पंखा बॅलन्स नसेल तर फेस आणखी वाढतो.

फेस का गळती हे ओळखायला फीड नळी (टाकीतून कार्ब्युरेटरकडं जाणारी) पारदर्शक लावा आणि फुल्ल थ्रॉटलला तिच्याकडं बघा. बुडबुडे पळताना दिसले तर आधी फोम नीट करा, पंखा बॅलन्स करा. तरीही येत असतील तर नळीत नाहीतर टाकीत भोक आहे. मधे जो फ्युएल फिल्टर बसवतात त्याच्या आट्यांमधून पण हवा शिरते. मला विचाराल तर विमानातल्या लाइनमध्ये फिल्टर नकोच, कॅनमधून भरताना पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला लावा, कचरा तिथंच अडू दे.

इंजिनाची हवा गळती

आयडलला आरपीएम आपोआप वर-खाली होत असतील आणि एकच सेटिंग कधी चालतंय कधी नाही असं असेल तर कुठंतरी हवा शिरतेय. बॅकप्लेटचे (इंजिनाच्या मागच्या झाकणाचे) चार स्क्रू तिरके समोरासमोरचे धरून थोडे थोडे करत टाइट करा, कार्ब्युरेटर बुडात हलतोय का बघा, त्याखालची ओ-रिंग चपटी झाली असेल तर बदला. नीडलच्या आट्यांतून पण हवा जाते, त्यावर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा चढवला की गळतीही थांबते आणि व्हायब्रेशननं नीडल आपोआप फिरायचीही थांबते. पुढच्या बेअरिंगमधून तेल सारखं उडत असेल तर तेही एक दार आहे हवेला, पण शेवटी बघायचं.

आमच्याकडं खानापूर बाजूला लाल धूळ, अथणीकडं काळी माती, दोन्ही स्प्रे बारच्या बारीक भोकात जाऊन बसतात. नीडल पूर्ण बाहेर काढा (आधी किती फेरे होते ते मोजून लिहा), सिरिंजनं मिथेनॉल जोरात आत मारा. तार किंवा सुई घालू नका, भोकाची कड खरवडली की ती नीडल कधीच नीट बसणार नाही.

नीडल, आता लावा हात

आता दोघं पायजेत. एकानं विमान मागून घट्ट धरायचं, दुसऱ्यानं पंख्याच्या मागं उभं राहून हात लावायचा. पंख्याच्या समोर किंवा बाजूच्या रेषेत कुणी नको, गळ्यात आयडी कार्डची दोरी, लोंबता गमछा काही नको. मिथेनॉलची आग उन्हात दिसत नाही, नुसती हवा थरथरते, म्हणून जवळ ओलं गोणपाट ठेवा.

इंजिन मिनिटभर गरम होऊ द्या. फुल्ल थ्रॉटल, नीडल हळूहळू घड्याळाच्या दिशेनं बंद करत जा, आरपीएम वाढत वाढत एका जागी थांबतील, तो पीक. तिथं सोडायचं नाही. उलटं फिरवून ३०० ते ५०० आरपीएम खाली आणा. टॅकोमीटर असेल तर उत्तम, तो बरोबर दाखवतोय का हे घरी जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली धरून बघता येतं, आपल्याकडं करंट ५० हर्ट्झचा असल्यामुळे दोन पात्यांच्या सेटिंगला ३००० दाखवला पायजे.

टॅकोमीटर नसेल तर फीड नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडा. आरपीएम किंचित वाढून खाली आले तर सेटिंग रिचच्या बाजूला आहे, बरं आहे. वाढलेच नाहीत आणि थेट पडले तर लीन, दोन-तीन क्लिक उघडा. मग सगळ्यात महत्त्वाची टेस्ट: फुल्ल थ्रॉटलवर विमान नाक आभाळाकडं करून उभं धरा, आठ-दहा सेकंद. आवाज किंचित वाढला किंवा तसाच राहिला तर उडवा. मंदावला, बारीक झाला, तर उडवू नका, अजून उघडा. कितीही उघडून इथं मरतच असेल तर परत टाकीकडं जा, नीडलचा दोष नाही.

आयडल

मेन नीडल जमल्याशिवाय याला हात लावू नका, नाहीतर दोन्ही बिघडतील. आयडलवर अर्धा मिनिट सोडा, मग एकदम फुल्ल थ्रॉटल द्या. धूर काढत गुरगुरत उठत असेल तर आयडल रिच. आवाजच न करता खटकन बंद पडलं तर लीन.

इथं एक घोळ नेहमी होतो. काही कार्ब्युरेटरना पुढं एक बारीक भोक आणि त्यावर स्क्रू असतो, तो एअर ब्लीड, त्यातून हवा जाते. तो आत फिरवला की हवा कमी म्हणजे रिच. ज्यांना दोन नीडल असतात त्यात मात्र छोटी नीडल आत फिरवली की इंधन कमी म्हणजे लीन. एकदम उलटं. आपला कुठला आहे ते आधी बघा, आणि एकावेळी एक अष्टमांश फेरा, जास्त नाही. आयडल २२०० ते २८०० आरपीएमच्या आसपास टिकलं की पुरे, अगदी बैलगाडीसारखं हळू चालवायच्या हौसेनं खूप डेड स्टिक होतात.

इंधन आणि आपली हवा

मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. जून ते सप्टेंबर आमच्याकडं, त्यातही जांबोटी-खानापूरकडं, हवा किती दमट असते ते सांगायला नको, त्या दिवसांत अर्धा उरलेला कॅन झाकण सैल ठेवून पडलेला असेल तर त्या इंधनावर कितीही सेटिंग करा, जमणार नाही. कॅन घट्ट बंद, सावलीत, आणि संशय असला की ताजं वापरून तुलना करा. तेल २० टक्क्यांच्या आसपास पायजे. एरंडेल वापरत असाल तर ते डीगम केलेलं (चिकट गोंद काढलेलं) घ्या, आणि त्याचा चिकट थर सायलेन्सरच्या प्रेशर निपलमध्ये जमून भोक बंद होतं, ते अधूनमधून मोकळं करायचं. प्रेशर गेलं की इंजिन लीन.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, इथली हवा त्यामुळं ६-७ टक्के विरळ. चोर्ला घाट उतरून गोव्यात जाऊन उडवलं तर तिथं दाट हवेत तेच सेटिंग लीन पडतं, नीडल दोन-चार क्लिक उघडावी लागते. थंडीतल्या सकाळी आणि दुपारी पण असाच फरक असतो, सकाळी सातची हवा दाट, तेव्हा थोडी उघडी ठेवायची. काल जमलेलं सेटिंग आज तसंच असेल हे धरून उडवू नका, उभं धरून बघायला वेळ कितीसा लागतो.

सांबरा विमानतळ आणि लष्करी हद्द शहराच्या जवळच आहे, म्हणून कुठल्याही माळावर जायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी साइटवरचा, कुठं उडवता येतं ते दाखवणारा नकाशा बघून जागा ठरवा.

गरम होतंय तर

नीडल बरोबर असून गरम होत असेल तर काउलिंग (इंजिनावरचं कव्हर) बघा. हवा आत येणाऱ्या तोंडापेक्षा बाहेर जायची वाट मोठी पायजे, दुप्पट तरी. पंखा मोठा किंवा जास्त पिचचा लावला की इंजिनावर ताण येतो, .४० ला १०x६ आणि .४६ ला ११x५ किंवा ११x६ (इंचात, आधी व्यास मग पिच) यावरून सुरुवात करा. आणि इंजिन नवीन असेल, दोन-चार टाक्या पण चाललं नसेल, तर ते मोकळं व्हायच्या आधी हवेत फुल्ल थ्रॉटलवर लांब धाव देऊ नका, आतून घट्ट झालं की बंद पडणारच.

एवढं सगळं करून तरी बंद पडतंय असं असेल तर एकावेळी एकच वस्तू बदला, आधी टाकी आणि नळ्या अख्ख्या नव्या, मग प्लग, मग दुसऱ्याच्या चालू इंजिनाचा कार्ब्युरेटर. रिसीव्हरची बॅटरी पण बघा, ती उतरली असेल तर थ्रॉटलचा सर्व्हो मनाला येईल तसा हलतो आणि दोष इंजिनाला जातो. थंड इंजिन असताना पंखा फिरवून वरच्या टोकाला नीट अडकतोय का बघा, एबीसी इंजिन (अॅल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी लायनर) असूनही तिथं अडकण्याऐवजी सहज सरकून जात असेल तर पिस्टन-लायनर झिजलेत. ते उद्यमबागेत (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) कितीही चांगला टर्नर ओळखीचा असला तरी करून घेऊ नका, कारण लायनरचा वरचा टेपर आणि प्लेटिंग लेथवर जमत नाही, कंपनीचा सेट मिळाला तर ठीक, नाहीतर ते इंजिन पार्ट्ससाठी ठेवून द्या.